रिपोर्ट कुणासाठी?

लहान मुलाच्या पायाला सूज असली की आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर साधारण दोनच शंका लिहिलेल्या असतात. शहरातल्या डॉक्टरची चिठ्ठी असेल तर ‘डीव्हीटी?’ आणि तालुक्याहून आली असेल तर ‘फायलेरिया?’. पहिली म्हणजे शिरेत अडकलेली रक्ताची गुठळी, दुसरी म्हणजे हत्तीरोग. मी नाशिकला रेडिओलॉजिस्ट आहे. चिठ्ठीवरच्या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देणं हे माझं काम समजलं जातं. डॉप्लर लावायचा, शिरा मोकळ्या आहेत असं लिहायचं आणि पुढच्या पेशंटला हाक मारायची. तिसरी एक शंका असते, ती चिठ्ठीवर सहसा येत नाही. मुलाच्या लिम्फच्या, म्हणजे शरीरातला जादा द्रव परत रक्तात नेणाऱ्या, वाहिन्याच जन्मतः नीट बनलेल्या नसतील आणि त्यामागे एखादा जनुकीय आजार असेल, ही ती शंका.

हत्तीरोग आठवणं गैर नाही. आपल्याच राज्यात चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात त्याने पिढ्या घालवल्या आहेत, आणि तिथे अजून घरोघरी डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या खाऊ घालतात. पण डास चावून जंत शरीरात शिरणार, लिम्फच्या वाहिन्यांत वाढणार, त्या निकामी करणार आणि मग पाय सुजणार, याला वर्षं लागतात. आठ महिन्यांच्या बाळाचे पाय जन्मापासूनच सुजलेले असतील तर तो हत्तीरोग असायला वेळच मिळालेला नाही. एवढा हिशोब चिठ्ठी लिहिणाऱ्याने केला असता तरी बरीच औषधं वाचली असती.

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून असंच बाळ आलं होतं. सोबत आई आणि आजी. दोन्ही पावलांचा वरचा भाग फुगलेला, घोट्याखाली वळी, नखं बारकी आणि टोकाला वर उचललेली. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी मी कातडी चिमटीत धरून पाहिली. धरता येईना. निरोगी पायाची कातडी तिथे सहज उचलली जाते. या खुणेला रॉबर्ट स्टेमर या डॉक्टरचं नाव आहे, आणि ती पाहायला ना वीज लागते ना पैसे. डॉप्लरमध्ये शिरा ठणठणीत होत्या. कातडीखालचा थर मात्र जाड झालेला आणि त्यात पाणी झिरपलेलं.

बाळाचे पाय बघताना आईने स्वतःचे पाय लुगड्याच्या काठाखाली ओढून घेतलेले माझ्या लक्षात आले. म्हटलं, “ताई, तुमचे पाय बघू?” ती सासूकडे बघायला लागली. सासूच म्हणाली, “दाव की. तिचं आदीपासून तसंच हाय. तिच्या आईचं बी.” काठ वर घेतला तर बाळाचीच पावलं, मोठ्या मापाची. या बाईला आत्तापर्यंत निरनिराळ्या ठिकाणी हत्तीरोगाच्या गोळ्या दिल्या गेल्या होत्या. पावसाळ्यात भाताच्या आवणीला दिवसभर चिखलात उभं राहिलं की दरवर्षी एकदा तरी पाय लालबुंद व्हायचा, हुडहुडी भरून ताप यायचा, चार दिवस अंथरूण धरावं लागायचं. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण पाय दाखवावे लागले असते.

या आजाराला मिलरॉयचं नाव आहे, आणि त्या नावामागची गोष्ट मला नेहमी गंमतीची वाटते. अमेरिकेतल्या ओमाहा शहरात विल्यम मिलरॉय या डॉक्टरने १८९२ मध्ये ज्या रुग्णाचं वर्णन केलं, तो भारतातून परतलेला मिशनरी होता. भारतात राहून आलेला माणूस आणि पाय सुजलेले म्हटल्यावर कुणालाही काय आठवेल ते उघड आहे. पण त्याची सूज जन्मापासूनची होती आणि त्याच्या आईलाही ती होती. मिलरॉयने त्या घराण्याच्या मागच्या पिढ्या धुंडाळल्या आणि हा आजार रक्तातून खाली येतो असं दाखवलं. पुढे शंभरएक वर्षांनी एफएलटी-४ हे जनुक सापडलं. लिम्फची वाहिनी बनवण्याचा आणि टिकवण्याचा निरोप पेशीला ज्या ग्राहकामार्फत मिळतो, तो ग्राहक या जनुकावरून तयार होतो. आई किंवा बाप यांपैकी एकाला आजार असला की प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी.

आम्ही तपासणी केली ती बाळाची नव्हे, आईची. लिम्फोसिंटिग्राफीमध्ये पायाच्या बोटांच्या बेचक्यात टेक्नेशियमचं औषध बारीक सुईने टोचतात आणि ते वर जांघेपर्यंत किती वेळात, कोणत्या वाटेने चढतं हे गामा कॅमेऱ्याखाली बघतात. टेक्नेशियमचं आयुष्य लहान, दर सहा तासांना निम्मं होतं. तरी आठ महिन्यांच्या बाळाला झोपवून, टोचून, तासभर कॅमेऱ्याखाली ठेवून कळणार तेच, जे आईच्या पायातून कळणार होतं. आई अंगावर पाजत होती, म्हणून खबरदारीला दूध आधी काढून ठेवायला सांगितलं. औषध पावलातच बसून राहिलं. जांघेत काही पोहोचलं नाही. बाळाच्या बाबतीत उपाय तोच आणि आईच्या बाबतीतही तोच: पाय रोज धुणं, बोटांमधल्या फटी कोरड्या करणं, तिथली बुरशी बरी करणं, मापाचे घट्ट मोजे, आणि ताप आला की त्याच दिवशी अँटिबायोटिक. आवणीला गमबूट घालणार का, असं विचारलं तर बाई हसली. चिखलात गमबूट रुततो, म्हणाली. तिचं खरं होतं. तेव्हा संध्याकाळी पाय धुऊन कोरडे करण्यावर तडजोड झाली.

जन्मतः हातापायांना सूज असलेली मुलगी असेल तर मिलरॉयआधी टर्नर आठवावं लागतं. साधारण दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीत एक्स गुणसूत्र दोनाऐवजी एकच असतं. हेन्री टर्नर यांनी १९३८ मध्ये हे वर्णन केलं. अशा एका बाळाची आजी मला म्हणाली होती, “खात्यापित्या घरचं हाय, गुबगुबीत असणारच.” पण गुबगुबीत बाळाची गालफडं गुबगुबीत असतात, फक्त पावलं नव्हे. मानेच्या दोन्ही बाजूंना सैल कातडी होती. ही कातडी म्हणजे गर्भातल्या सुजेची मागे राहिलेली खूण. गर्भाच्या मानेत लिम्फच्या दोन पिशव्या असतात, त्या मानेतल्या मोठ्या शिरेला वेळेत जोडल्या गेल्या नाहीत तर मान पाण्याने फुगते. पुढे वाट सापडली की पाणी ओसरतं, ताणलेली कातडी उरते. अशा मुलीच्या लिम्फचं चित्र काढायची बहुधा गरज नसते, पायांची सूज वर्षा-दोन वर्षांत आपोआप कमी होते. चित्र काढायचं ते हृदयाचं आणि किडन्यांचं: महाधमनी कुठे आवळलेली आहे का, तिच्या झडपेला तीनाऐवजी दोनच पाकळ्या आहेत का, दोन्ही किडन्या खाली एकमेकींना जोडलेल्या आहेत का. मशीन हाताशी असलं की ते सुजलेल्या जागेवरच धरावंसं वाटतं. टर्नरमध्ये तो मोह आवरायला लागतो.

ही मानेची सूज गर्भातच, बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत दिसते तेव्हा प्रसंग आणखी अवघड होतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा केला तो महाराष्ट्राने, १९८८ मध्ये. देशाचा पीसीपीएनडीटी कायदा १९९४ चा. गुणसूत्रांचे आजार शोधायला कायदा परवानगी देतो, लिंग सांगायला देत नाही. आणि टर्नरचं निदान सांगितलं की बाळ मुलगी आहे हे न सांगताच सांगितलं जातं. कायदा लिहिणाऱ्यांना हा पेच सोडवता आला नाही याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. तो सुटण्यासारखा नाहीच. समुपदेशनाची खोली बंद करून, दोघांनाही बसवून, आजार काय आणि काय नाही हे नीट सांगायचं, एवढंच करता येतं.

आता मूळ अडचणीकडे येते: लिम्फ दिसतच नाही. रक्ताच्या वाहिन्या दिसणं सोपं, कारण हाताच्या शिरेत सुई घातली की औषध सगळीकडे जातं. लिम्फला अशी आत शिरायची जागा नाही. वाहिन्या केसाएवढ्या आणि आतला द्रव पाण्यासारखा. मोठ्या माणसात या वाटेने दिवसाला दीड-दोन लिटर द्रव पोटातून छातीतून वर चढून मानेच्या डाव्या बाजूच्या शिरेत पडतो, तरी शतकानुशतकं तो कुणाला दिसला नव्हता. १६२२ मध्ये गास्पारे असेल्ली या इटालियन शल्यवैद्याने नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचं पोट उघडलं आणि आतड्याच्या पडद्यात पांढरे दोरे दिसले. कुत्रा उपाशी असता तर दिसले नसते. कारण आतड्यातली चरबी या वाहिन्यांत शिरली की लिम्फ दुधाळ होतं. त्याला कायल म्हणतात. जेवणाचा हा मुद्दा पुन्हा येणार आहे.

माणसाच्या पायातली लिम्फची वाहिनी उघडून तिच्यात औषध भरण्याची पद्धत लंडनच्या जॉन किनमॉन्थ यांनी १९५२ मध्ये सुरू केली. बोटांमध्ये निळा रंग टोचायचा, वाहिनी निळी झाली की पावलावर चीर देऊन तिच्यात सुई घालायची आणि लिपिओडॉल हे खसखशीच्या तेलापासून केलेलं आयोडीनयुक्त औषध थेंबाथेंबाने सोडायचं. माझ्या शिक्षकांच्या पिढीने हे केलेलं आहे. ते सांगायचे, सुई एकदा सटकली की सकाळ वाया गेली. लहान मुलाच्या पावलात ती वाहिनी शोधणं म्हणजे जवळजवळ अशक्यच. मग सीटी आणि एमआरआय आले आणि ही कला विसरली गेली. राज्यभरातल्या वैद्यकीय अभ्यासक्रमांचं विद्यापीठ १९९८ पासून आमच्याच गावात आहे, पण एमबीबीएसच्या पोराला लिम्फबद्दल विचारलं तर तो कॅन्सरच्या गाठींपलीकडे फार जात नाही. दोष त्याचा नाही, जे दिसत नाही ते शिकवायला कठीण.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत हे बदललं. किल्ली सापडली ती जांघेतल्या गाठींमध्ये. पायातून वर जाणारं लिम्फ जांघेतल्या गाठींमधून गाळून जातं. म्हणजे सोनोग्राफीत बघून गाठीतच सुई घातली तर आत शिरायची जागा मिळाली. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या इस्पितळात मॅक्सिम इटकिन आणि योआव दोरी यांनी या सुईतून एमआरआयचं गॅडोलिनियम सोडून लिम्फची चालती चित्रं घ्यायला सुरुवात केली. आम्ही ते वाचून, चित्रफिती बघून, मुंबईला जाऊन शिकलो. नाशिकला अशी मुलं सारखी येत नाहीत. आली की मात्र त्यांना कसारा घाट उतरायला लावायचा की इथेच करायचं, हे त्या दिवशी भूलतज्ज्ञ कोण आहे यावर ठरतं.

निफाड तालुक्यातला एक सहा वर्षांचा मुलगा सांगते. घर द्राक्षबागाईतदाराचं. उंची वयाच्या मानाने कमी, डोळे एकमेकांपासून लांब, पापण्या किंचित उतरलेल्या, कान खाली आणि मागे कललेले. हृदयाची पल्मनरी झडप अरुंद होती, ती तान्हेपणी फुग्याने रुंद करून घेतलेली. जॅकलिन नूनन या अमेरिकन बालहृदयरोगतज्ज्ञ बाईंनी १९६३ मध्ये वर्णन केलेलं हे रूप. नाव त्यांचंच, नूनन सिंड्रोम. साधारण हजार ते अडीच हजार मुलांमागे एक, म्हणजे आपल्याला वाटतं तितकं दुर्मिळ नाही. २००१ मध्ये त्याचं पहिलं जनुक, पीटीपीएन-११, सापडलं. निम्म्या मुलांत बदल तिथे असतो. लिम्फचा त्रास यातल्या काहींनाच होतो, पण होतो तेव्हा वाईट होतो.

या मुलाच्या उजव्या छातीत पाणी भरत होतं. आपल्याकडे मुलाच्या छातीत पाणी म्हणजे टीबी, आणि बऱ्याचदा ते बरोबरही असतं. एका ठिकाणी पाणी काढून तपासलं. त्यात लिम्फोसाइट पेशी भरपूर. टीबीच्या पाण्यातही त्याच भरपूर असतात. रंग पिवळसर होता, दुधाळ नव्हता, म्हणून कायलचा विचार कुणी केला नाही. पण मुलाला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलेलं होतं. उपाशी पोटी लिम्फमध्ये चरबी कुठून येणार? टीबीची औषधं सहा महिने झाली, पाणी परत भरलं. पुढच्या वेळी घाईत, मुलगा नुकताच तुपातला शिरा खाऊन आला असताना नळी घातली, तेव्हा बाटलीत पांढरं आलं. ट्रायग्लिसराइड मोजले तर डेसिलिटरला ११० मिलिग्रॅमच्या कितीतरी वर; कायल ओळखायची रेषा तिथेच आहे.

घरी काय चाललं होतं ते नंतर कळलं. पोरगं अशक्त, म्हणून आई रोज तूप, साय, बदामाचा शिरा चारत होती. जितकी माया, तितकं छातीत पाणी. आणि हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, कारण पाणी कशाचं तेच ठरलेलं नव्हतं.

शस्त्रक्रियेचा बेत ठरत आला होता: छातीतली मुख्य लिम्फवाहिनी, म्हणजे थोरॅसिक डक्ट, बांधून टाकायची. अपघातात किंवा ऑपरेशनमध्ये ती फाटली असेल तर हा चांगला उपाय आहे. पण या मुलात ती फाटली आहे असं कुणी पाहिलं होतं? सर्जन शहाणे होते. म्हणाले, आधी दाखव.

सुई सोनोग्राफीच्या खोलीतच घालावी लागते. सोनोग्राफीचं मशीन एमआरआयच्या खोलीत नेता येत नाही, तिथे चुंबक आहे, आणि दुसऱ्या जागी हलवायचं म्हटलं तर पीसीपीएनडीटीची नोंदणी आडवी येते. मुलाला भूल दिली. जांघेत लांबट, काही मिलिमीटरची गाठ. बाहेरचा काठ काळा, मधला गाभा पांढरा. सुईचं टोक त्या दोहोंच्या सीमेवर यायला हवं. थोडं आत गेलं की औषध शिरेत शिरतं, थोडं बाहेर राहिलं की गाठीभोवती ढग पसरतो आणि मग त्या बाजूचं चित्र गेलंच. सलाइनचे दोन थेंब सोडून बघायचं. गाठ किंचित फुगली आणि वरच्या टोकाला बारीक रेघ चालताना दिसली की बरोबर. मग सुई चिकटपट्टीने बसवायची, तशीच दुसऱ्या बाजूला, आणि मुलाला ट्रॉलीवरून जराही हिसका न देता न्यायचं. लिफ्टमध्ये शिरताना ट्रॉलीची चाकं उंबऱ्यावर आपटतात, तिथे आमचा वॉर्डबॉय दोन्ही हातांनी ट्रॉली उचलून धरतो. या तपासणीत त्याचं काम माझ्याएवढंच मोलाचं आहे.

पहिली चित्रं औषधाशिवाय. त्यात थांबलेलं पाणी तेवढं उजळतं: मूत्राशय, मणक्यातलं पाणी, छातीतलं पाणी, आणि कुठे लिम्फ तुंबलेलं असेल तर तेही. मग पातळ केलेलं गॅडोलिनियम दोन्ही सुयांतून हाताने, अगदी सावकाश. ओटीपोटातल्या वाहिन्या उजळल्या, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी त्या एकत्र आल्या. इथून डक्ट मणक्याच्या उजव्या बाजूने वर चढते, छातीच्या पाचव्या मणक्याच्या आसपास डावीकडे वळते आणि मानेत जाते. मुलाची डक्ट छातीच्या मध्यापर्यंत आली आणि तिथे फाटे फुटले. औषध वर जायचं सोडून दोन्ही फुफ्फुसांच्या मुळांकडे उलटं वाहत गेलं, मग उजव्या छातीच्या अस्तरात. मान शेवटपर्यंत काळीच राहिली. एक खात्री करून घ्यायची असते: शेजारी अझायगस शीर असते, आणि औषध रक्तात मिसळलं की तीही उजळून डक्टची फसवी प्रतिमा देते. पण ती महाधमनीसोबत उजळते, डक्ट तिच्या आधी. म्हणून घड्याळ बघत चित्रं वाचावी लागतात.

एका जागी गळती नव्हतीच. वरची वाट नीट बनली नव्हती आणि लिम्फ मिळेल तिकडे जात होतं. अशा मुलाची डक्ट बांधली असती तर उरलासुरला निचराही बंद होऊन पोटात आणि पायांत पाणी भरलं असतं. सर्जनना फोन केला. “म्हणजे हात लावायचा नाही?” “नाही.” ते म्हणाले, “बरं झालं.” एवढ्या खटाटोपातून निघालेला निष्कर्ष ‘काही करू नका’ असा असला की कुटुंबाला पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. मला वाटत नाही. लिम्फच्या चित्राचा मोठा उपयोग हाच आहे.

आमच्या पेशात रिपोर्ट डॉक्टरने डॉक्टरसाठी लिहायचा असतो. रेडिओलॉजिस्टने पेशंटशी फार बोलू नये, ते पाठवणाऱ्या डॉक्टरांचं काम, असा अलिखित नियम आहे, आणि बाकी आजारांत तो ठीकही आहे. हाड मोडलं तर रिपोर्टचा उपयोग प्लास्टर घालणारा करतो. इथे मात्र उपचार स्वयंपाकघरात होणार होता. रिपोर्ट वाचून रोज निर्णय घेणार होती ती मुलाची आई, आणि तिला इंग्रजीतल्या दोन पानांचा काडीचा उपयोग नव्हता. म्हणून मी दोघांना आत बोलावून पडद्यासमोर बसवलं.

वडिलांना एका मिनिटात कळलं. म्हणाले, “मॅडम, ड्रिपची मेन लाइन वर बंद पडली की खालचे सांधे लीक होतात, तसं हे.” मी म्हटलं, बरोबर, फक्त याला मोटर नाही. वाहिनी स्वतःच आकुंचन पावते आणि श्वासाने वर ओढली जाते, त्यामुळे दाब वाढवून काही उपयोग नाही, खालून येणारं पाणी कमी करणं आपल्या हातात आहे. आई गप्प होती. मग तिने विचारलं, “म्हणजे मी तूप दिलं म्हणून?” मी सांगितलं, वाट आधीपासूनच तशी होती, ती तुपाने बिघडली नाही. पण तूप, लोणी, साय, तेल यातली लांब साखळीची चरबी याच वाटेने जाते, म्हणून ती कमी करायची. मध्यम साखळीची चरबी, एमसीटी, आतड्यातून सरळ रक्तात शिरून यकृताकडे जाते, लिम्फच्या वाटेला जातच नाही. म्हणून मुलाला ताकद त्यातून द्यायची.

तिने पुढे जे प्रश्न विचारले ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. शेंगदाण्याचं कूट चालेल? नाशिककडच्या प्रत्येक भाजीत कूट असतं आणि त्याला कुणी चरबीत धरत नाही, ते बंद. खोबरेल तेल म्हणजेच एमसीटी ना, दुकानदार तसं म्हणाला? नाही. त्यातला थोडाच भाग तसा असतो, बाकीचा बराचसा नेहमीच्याच वाटेने जातो. नागलीची भाकरी? हो. सायटं काढलेलं दूध? हो. फोडणी न घातलेलं वरण? हो. एमसीटीचं तेल वरून घाला, त्यात तळू नका. चरबी अजिबातच बंद केली तर मुलाची वाढ आणि कातडी बिघडते, म्हणून आहारतज्ज्ञांनी करडईच्या तेलाचं मोजकं माप आणि काही जीवनसत्त्वं ठरवून दिली. मुलाची एकच तक्रार होती, मिसळीची. नाशकात राहून पोराला तर्रीशिवाय मिसळ द्यायची म्हणजे अन्यायच आहे, पण मोडाची उसळ आणि पाव यावर तो कसाबसा तयार झाला.

तेव्हापासून अशा मुलांच्या रिपोर्टखाली मी चार ओळी मराठीत लिहिते. वाट कुठे अडली आहे, पाणी कुठे जमतंय, काय टाळायचं, कोणत्या लक्षणाला थांबायचं नाही. सोबत चित्राची एक प्रत, तिच्यावर पेनाने बाण. काही सहकाऱ्यांना हे आवडत नाही. उद्या कोर्टात कुणी तो कागद दाखवला तर, असं विचारतात. भीती खोटी नाही. मी ओळी लिहिण्याआधी बालरोगतज्ज्ञांना वाचून दाखवते आणि दोघांची सही घेते, त्यापलीकडे माझ्याकडे उत्तर नाही.

निफाडच्या त्या मुलाची छाती पूर्ण कोरडी झालेली नाही. तळाशी थोडं पाणी असतं, दम लागत नाही, शाळा चालू आहे. वडिलांनी कुठून तरी ऐकलं की यावर गोळी निघाली आहे. ऐकलं ते अगदीच चूक नव्हतं. २०१९ मध्ये फिलाडेल्फियाच्याच गटाने एआरएएफ या जनुकात बदल असलेल्या बारा वर्षांच्या मुलाला ट्रॅमेटिनिब हे कॅन्सरचं औषध दिलं आणि त्याच्या लिम्फच्या वाहिन्यांची रचनाच सुधारलेली चित्रांत दिसली. पुढच्या वर्षी नूनन असलेल्या एका रुग्णाबद्दल तसंच लिहून आलं. पेशीच्या आत एक निरोपाची साखळी असते, नूननमध्ये ती गरजेपेक्षा जास्त चालते, आणि हे औषध तिला आवर घालतं. पण त्याचे त्रास आहेत, खर्च आहे, आणि आधी मुलाच्या जनुकात नेमका कुठे बदल आहे ते कळायला हवं. देशाचं दुर्मिळ आजारांचं धोरण २०२१ मध्ये आलं, त्यातलं एक केंद्र मुंबईच्या केईएममध्ये आहे. तिथे जा म्हटलं तर वडिलांनी तारीख विचारली आणि हिशोब केला: गोडी छाटणीत घर सोडता येत नाही, छाटणी झाली की जातो. मी आग्रह धरला नाही. मुलगा स्थिर होता आणि बागेवर घर चालत होतं.

गावपातळीवर ही मुलं पहिल्यांदा कुणाच्या नजरेला पडतात? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांच्या. २०१३ मध्ये हा कार्यक्रम पालघरमधून सुरू झाला. पथकं अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासतात. त्यांच्या यादीत डाउन सिंड्रोम आहे, हृदयाचे दोष आहेत, वाकडे पाय आहेत. लिम्फची सूज नाही. म्हणून एका प्रशिक्षणात मला अर्धा तास मिळाला तेव्हा मी एमआरआयचं एकही चित्र दाखवलं नाही. सगळ्यांना चप्पल काढून स्वतःच्याच पायाच्या दुसऱ्या बोटाची कातडी चिमटीत धरायला लावली, मग शेजारच्याची. आणि सांगितलं, सूज दिसली की आईचे पाय बघा, मुलाची मान बघा, कान बघा, छातीला नळी लावून ऐका.

पंधरवड्यात कळवणकडच्या पथकातल्या एका डॉक्टरबाईंनी मुलगा पाठवला. दोन्ही पाय सुजलेले, चेहराही. लिम्फचं त्याला काहीच नव्हतं. लघवीत प्रोटीन चार प्लस, किडनीचा नेफ्रोटिक सिंड्रोम, त्याच दिवशी बालरोग विभागात भरती. बाईंचा संकोचून फोन आला, “मॅडम, चुकीचा पेशंट पाठवला का हो मी?” म्हटलं, असे चुकीचे पेशंट जरूर पाठवा, फक्त नाशिकच्या गाडीत बसवण्याआधी तिथेच लघवीची पट्टी बुडवून बघत जा.